पोर ‘करला’ म्हणतं तेव्हा भाषेत काय घडतं

‘आई, बघ, मी किल्ला करला!’

दिवाळीच्या आसपास साताऱ्यात, सांगलीत, किंबहुना मराठी बोलणाऱ्या कुठल्याही घराच्या अंगणात हे वाक्य ऐकू येतं. बोलणारं पोर तीन-साडेतीन वर्षांचं असतं. घरातले हसतात. कुणीतरी दुरुस्त करतं, ‘करला नाही बाळा, केला म्हणावं.’ पोर मान डोलावतं आणि पुढच्या वाक्यात परत ‘करला’च म्हणतं.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही, की हा ‘करला’ त्यानं ऐकला कुठं? आई ‘केला’ म्हणते, आजी ‘केला’ म्हणते, अंगणवाडीच्या बाई ‘केला’ म्हणतात. म्हणजे हा शब्द पोरानं कुणाकडून उचललेला नाही, स्वतः घडवलेला आहे. भरणे-भरला, मारणे-मारला, धरणे-धरला, पडणे-पडला असं शेकडो वेळा त्याच्या कानावर पडलंय. शाळेत आपण त्रैराशिक शिकायचो : तीन पदं दिलेली, चौथं काढायचं. भर, भरला, कर, तर चौथं पद काय? करला. पोराचा हिशेब बिनचूक आहे. उलट ‘केला’ हेच उत्तर कुठल्याही हिशेबानं निघत नाही, ते पाठ करावं लागतं.

भाषाशास्त्रात या त्रैराशिकाला सादृश्य म्हणतात. माहीत असलेल्या जोडीवरून माहीत नसलेलं रूप काढायचं, एवढंच त्याचं काम. पण शतकानुशतकं, पिढ्यान् पिढ्या हे काम चालू राहिलं की भाषेचा चेहराच बदलतो. आपण आज ज्याला शुद्ध मराठी म्हणतो, तिची कितीतरी रूपं एके काळची ‘करला’ आहेत. कुणीतरी आधी चुकून म्हटलेली, मग सगळ्यांनी स्वीकारलेली. हे नीट दाखवता यावं म्हणून हा लेख.

मुलं असा हिशेब खरोखर करतात का, की कुठंतरी ऐकलेलंच बोलतात, हे तपासायला जीन बर्को या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1958 साली एक सुंदर युक्ती प्रसिद्ध केली. चार ते सात वर्षांच्या मुलांना त्यांनी पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याला ‘वग’ असं अर्थ नसलेलं नाव दिलं. मग तसेच दोन दाखवले आणि विचारलं, आता हे दोन काय? मुलांनी ‘वग्ज’ म्हणून सांगितलं. हा शब्द जगात कुणीच उच्चारलेला नव्हता, तेव्हा तो ऐकून पाठ केलेला असणं शक्यच नव्हतं.

मराठीत हा प्रयोग आणखी रंगतो, कारण आपल्याकडं लिंग आहे, सामान्यरूप म्हणजे ‘ला’सारखा प्रत्यय लागताना नामाचं बदलणारं रूप आहे, आणि क्रियापदं कर्त्याप्रमाणे फिरतात. कराडला भाचीला मी कागदावर एक गोलमटोल प्राणी काढून दिला आणि सांगितलं, हा झिबा. अजून एक काढला. आता हे दोन? ‘झिबे.’ झिबा रोज फुमतो. काल पण तो…? ‘फुमला.’ आणि ही त्याची बायको झिबी, ती पण काल…? ‘फुमली.’ कुठंही अडली नाही. मग तिनंच मला विचारलं, ‘मामा, झिब्याला भूक लागली का?’

‘झिब्याला’ हे मी तिला सांगितलेलं नव्हतं, विचारलेलंही नव्हतं. घोडा-घोड्याला, आंबा-आंब्याला या वाटेनं ती आपली आपण तिथं पोहोचली. पहिलीच्याही आधीच्या वयात सबंध सामान्यरूपाचं प्रकरण तिच्या डोक्यात तयार होतं. व्याकरणाच्या पुस्तकात ते आपल्याला सातवी-आठवीत कंटाळत वाचावं लागतं, हे लक्षात घेतलं की पोरांच्या डोक्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

मग ‘केला’ मुळात आलाच कसा? भाषेनं सगळी क्रियापदं सरळ ‘ला’ लावून का चालवली नाहीत?

याचं उत्तर उच्चारांच्या झिजेत आहे. संस्कृतात ‘केलेलं’ म्हणजे कृत, ‘गेलेलं’ म्हणजे गत, ‘मेलेलं’ म्हणजे मृत. प्राकृतात यांच्यातला ‘त’ गळाला, ‘ऋ’ गेला, आणि कय, गय, मय अशी रूपं उरली. त्यांना मागून ल-चा प्रत्यय लागला आणि केला, गेला, मेला तयार झाले. आगत झिजून त्याचा आला झाला. म्हणजे ‘केला’ हा ‘कर’पासून आज बनवलेला शब्द नाहीच. तो कृतचा वंशज आहे आणि ‘कर’च्या शेजारी राहायला आलेला आहे. दोघांचं नातं आहे, पण ते दूरचं.

उच्चार झिजतात तेव्हा ते अर्थ बघत नाहीत, व्याकरण बघत नाहीत. ‘त’ दोन स्वरांच्या मध्ये आला की गळायचा, मग तो कुठल्याही शब्दातला असो. याचं आणखी एक उदाहरण आपल्या तोंडात रोज असतं. जीभ आणि भिंत, दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्हींचा शेवट व्यंजनात. पण अनेकवचन करताना आपण जिभा म्हणतो आणि भिंती म्हणतो. परदेशी माणूस मराठी शिकताना इथं हमखास वैतागतो. खरं तर कारण साधं आहे. संस्कृतात एक जिह्वा होती, दुसरी भित्ति. मराठीत येताना शेवटचा स्वर गळाला आणि एकवचनात दोघी सारख्या दिसायला लागल्या. अनेकवचनात मात्र जुना ‘आ’ आणि जुनी ‘इ’ अजून दिसतात. स्नुषाची सून झाली म्हणून सुना, मालाची माळ झाली म्हणून माळा. मुष्टिची मूठ झाली म्हणून मुठी, आवलिची ओळ झाली म्हणून ओळी. हजारो वर्षांपूर्वीचा स्वर एकवचनात मेला आणि अनेकवचनात जिवंत राहिला.

एडगर स्टर्टेव्हंट या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं या दोन शक्तींचा संबंध फार नेमका मांडला. उच्चार बदलतात ते नियमानं, पण त्यातून भाषेत अनियमितपणा शिरतो. सादृश्य चालतं ते अनियमितपणे, कधी इथं कधी तिथं, पण त्यातून भाषेत नियमितपणा येतो. झीज एका बाजूनं घडी विसकटते, सादृश्य दुसऱ्या बाजूनं ती घालत राहतं. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात आणि कधीच पुरी होत नाहीत. कुठलीही जिवंत भाषा पूर्ण नियमित का नसते आणि पूर्ण विसकटतही का नाही, याचं उत्तर मला यापेक्षा चांगलं कुठं सापडलेलं नाही.

आता मराठीतल्या सादृश्याच्या सगळ्यात मोठ्या पराक्रमाकडं येतो. तो आपल्या डोळ्यांदेखत अजून चालू आहे.

जुन्या मराठीत क्रियापदांचे दोन पंथ होते. ज्यांना कर्म नाही ती बसणे, पडणे, उठणे अशी अकर्मक क्रियापदं एका वळणानं चालायची. ज्यांना कर्म आहे ती करणे, धरणे, मारणे, सोडणे ही सकर्मक क्रियापदं दुसऱ्या वळणानं चालायची आणि या दुसऱ्या पंथाच्या पोटात एक ‘इ’ असायची. तो बसतो, पण तो करितो. तो बसला, पण त्यानं चोर धरिला. तो बसेल, पण तो करील. सांगली भागातले कितीतरी जैन श्रावक श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या दर्शनाला जातात. तिथल्या प्रसिद्ध मराठी शिलालेखात ‘करवियलें’ असं रूप कोरलेलं आहे. त्यात ही ‘इ’ आणि तिच्या मागचा ‘य’ अगदी स्वच्छ दिसतो. जनाबाईंच्या अभंगातही ‘धरिला’ आहे. एकोणिसाव्या शतकातलं कुठलंही मराठी गद्य उघडा, ‘करितात’, ‘मारिला’, ‘सोडिले’ पानोपानी भेटतील.

आज आपण करतो, धरला, मारला, सोडले म्हणतो. ‘इ’ गेली कुठं? ‘त’ गळाला तशी ती झिजेनं गेली, असं म्हणावं तर लिहिला, पाहिला, राहिला यांच्यात ती टिकून आहे. तिला घालवलं बसणे-पडणेच्या जमावानं. बस : बसतो, तर कर : करतो. पड : पडला, तर धर : धरला. तेच त्रैराशिक. तीन-साडेतीन वर्षांचं पोर जे करतं तेच, फक्त इथं सबंध समाजानं केलं आणि त्याला पिढ्या लागल्या. आज कुणी ‘धरला’ म्हटलं तर त्याला दुरुस्त करायला कुणी जात नाही. एके काळी तोही ‘करला’इतकाच कानाला खटकला असणार.

या जुन्या ‘इ’चा एक अवशेष मात्र तुम्ही आजही रोज वापरता : ‘करिता’. माझ्याकरिता, त्याकरिता. हे ‘करणे’चंच जुनं रूप आहे. पण त्याचा अर्थ ‘साठी’ असा झाला, ते क्रियापदाच्या घरातून बाहेर पडून शब्दयोगी अव्यय बनलं. बोलणाऱ्याच्या मनात ‘करतो’शी असलेला त्याचा धागा तुटला. सादृश्याला धागा लागतो. जिथं दोन शब्द एकाच घरातले वाटतात तिथंच ते एकाला दुसऱ्यासारखं करायला बघतं. ‘करिता’ घराबाहेर होता म्हणून वाचला.

मग ‘केला’, ‘गेला’, ‘आला’ का वाचले? ते तर घरातच आहेत.

ते वाचले वापरामुळं. रोज भाजी चिरायला काढलेली विळी गंजत नाही, माळ्यावर टाकलेली गंजते. ‘केला’ आपण दिवसातून इतक्या वेळा ऐकतो की हिशेब करायची वेळच येत नाही, रूप आधीच ओठावर असतं. पोरसुद्धा चार-पाच वर्षांचं झालं की ‘करला’ आपोआप सोडतं, ते याच कारणानं. क्वचित वापरलं जाणारं अनियमित रूप मात्र ऐन वेळी आठवत नाही, मग माणूस हिशेब करून मोकळा होतो. इंग्रजीवर या बाबतीत मोजून काम झालेलं आहे. 2007 साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेऊन त्यांचं पुढं काय झालं ते पाहिलं. आज त्यातली 98 अनियमित उरली आहेत, बाकीची सरळ झाली. आणि सरळ होण्याचा वेग वापरावर ठरतो. एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभर पटींनी कमी वापरात असेल, तर ते दहा पट वेगानं सरळ होतं. मराठीतही हेच दिसतं. ‘केलं’ला कुणी हात लावत नाही, पण ‘धुतले’च्या जागी ‘कपडे धुवले’ सर्रास ऐकू येतं. ठेव-ठेवले, तर धुव-धुवले.

आमच्या भागात सादृश्य पाहायचं तर नद्यांकडं बघावं.

पावसाळ्यात सांगलीत प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती? बातमीत येतं, कोयनेतून विसर्ग वाढवला, वारणेला पूर आला. कृष्णा-कृष्णेची, कोयना-कोयनेतून, वारणा-वारणेला. आकारान्त स्त्रीलिंगी नामाचं सामान्यरूप एकारान्त होतं, शाळा-शाळेला, भाषा-भाषेला, हा नियम इथं पक्का आहे. पण शेजारच्या घरातल्या मुलीचं नाव पूजा असेल तर तुम्ही ‘पूजेला बोलव’ म्हणता का? ‘पूजाला बोलव’ म्हणता. नेहाचं लग्न, स्नेहाची परीक्षा. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘राधेला सांग’, ‘गंगेच्या घरी’ ऐकू येतं, पण त्यांच्या नाती हे रूप माणसाच्या नावाला लावत नाहीत.

कारण मुलींची बाकीची नावं. अश्विनी-अश्विनीला, सुमन-सुमनला, वैशाली-वैशालीला. नाव जसंच्या तसं ठेवायचं आणि पुढं ‘ला’ जोडायचं, असा साचा आकारान्त नावांनीही उचलला. पुरुषांच्या नावांचंही तेच. रामाला, गणपाला हे जुने. राहुलला, सचिनला हे नवे. ‘सचिनाला’ कुणी म्हणत नाही. माणसाचं नाव न मोडता घेण्याची सोय लोकांना हवीशी वाटते असं मला वाटतं, म्हणून माणसांच्या बाबतीत हा साचा वेगानं पसरला. नदीचं नाव मात्र ‘कृष्णेकाठी’, ‘कृष्णेचं पाणी’ अशा शेकडो वर्षांच्या जोड्यांमध्ये घट्ट बसलेलं आहे. तिथं अजून धक्का लागलेला नाही.

गावांची नावंही याच ओढाताणीत सापडली आहेत. वर्तमानपत्रात मिरजेला, मिरजेत असं छापून येतं, आणि एसटीत कंडक्टरला लोक ‘दोन मिरजला द्या’ म्हणतात. कराडला, तासगावला, फलटणला, पलूसला यांच्या पंगतीत मिरजही ‘मिरजला’ होऊन बसली. सातारा आकारान्त पुल्लिंगी, तेव्हा घोडा-घोड्याला तसं साताऱ्याला. पण गावाकडं ‘सातारला गेलतो’, ‘सातारचे पेढे’ हेच जास्त ऐकू येतं. एका बाजूनं कराडला, कोल्हापूरला ओढतात, दुसऱ्या बाजूनं सातारकर हा शब्द ‘सातार’ एवढाच तुकडा हातात देतो. मला स्वतःला ‘सातारचा’ जास्त जवळचा वाटतो, पण लिहिताना हात ‘साताऱ्याचा’ लिहितो, आणि दोन्ही मराठीच आहे.

परक्या शब्दांना घरात घेण्याचं काम तर सादृश्याशिवाय होतच नाही. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांच्या दिवशी उभं राहून ऐका. ट्रॉली-ट्रॉल्या, एन्ट्री-एन्ट्र्या, कारण गाडी-गाड्या, पावती-पावत्या. नोट-नोटा, बॅग-बॅगा, बँक-बँका, कारण जीभ-जिभा, वाट-वाटा. पण सायकल-सायकली, फाइल-फायली, कारण भिंत-भिंती, विहीर-विहिरी. मघाशी पाहिलेल्या त्या दोन जुन्या टोळ्या, एक जिह्वाची आणि एक भित्तिची, आजही नवीन शब्द आपापल्या बाजूला ओढतायत. कुणी ठरवून वाटणी केलेली नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, हे सगळं बोलीभाषेचं, गावंढळपणाचं प्रकरण आहे, संस्कृतात असलं चालत नसेल. तर एकादशी घ्या. आषाढीला माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद-फलटणला मुक्काम करते, सगळा जिल्हा त्या एकादशीच्या ओढीनं चालत असतो. एकादश म्हणजे एक अधिक दश. मग ते ‘एकदश’ व्हायला हवं. मधला लांब ‘आ’ कुठून आला? तो आला शेजारून, द्वादशातून. द्वा अधिक दश, द्वादश, तिथं ‘आ’ मूळचाच आहे. मोजताना अकरा आणि बारा एकापाठोपाठ तोंडात येतात आणि पाठोपाठ येणारे शब्द एकमेकांना आपल्यासारखं करतात. वेदांच्या काळातल्या कुणा माणसांनी बाराच्या आधाराने अकरा घडवला आणि तोच आपण आज पंचांगात छापतो.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं त्यांना ‘पति’ शब्दानं छळलेलं असणार. कवि-कवेः, हरि-हरेः, पण पति-पत्युः. ही ‘उः’ पितुः, मातुः या नात्याच्या शब्दांची आहे. नवराही नातेवाईकच, म्हणून तो त्यांच्यासारखा चालू लागला. गंमत अशी, की भूपति, सेनापति अशा समासात पति नवरा नसून धनी असतो, तेव्हा मात्र तो सरळ भूपतेः असाच चालतो. पाणिनीनं हा फरक सूत्रातच नोंदवून ठेवला आहे. आणि मराठीत पाचवा, सातवा, आठवा यांच्या ओळीत ‘सहावा’ बसलाय तोही असाच. संस्कृतातल्या षष्ठपासून हिंदीत छठा आला. मराठीनं तो वारसा सोडून दिला आणि पाच-पाचवा, तर सहा-सहावा असा नवा घडवला.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातले पंडित अशा रूपांना ‘खोटं सादृश्य’ म्हणत, म्हणजे भाषेला लागलेली कीड. 1870 नंतर जर्मनीत लाइपझिगच्या आसपास तरुण अभ्यासकांचा एक गट पुढं आला. त्यातल्या हेर्मान पाउल यांनी 1880 सालच्या आपल्या ग्रंथात सादृश्याला भाषेच्या मध्यभागी आणून ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की आपण बोलतो त्यातली बरीच रूपं आठवून बोलत नाही, बोलताना घडवतो. जुन्या भाषेतही हेच चालायचं, आजही हेच चालतं. तेव्हा जुनं घडलेलं ते पवित्र आणि आजचं घडलेलं ते भ्रष्ट, असा भेद शास्त्रात टिकत नाही. मला हे पटतं, आणि म्हणूनच खेड्यातून आलेल्या पोराला वर्गात ‘म्हणलं’वरून हसतात तेव्हा वाईट वाटतं. आण-आणलं, तर म्हण-म्हणलं. प्रमाण मराठीत ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटलं’ अशी दोन वेगळी रूपं आहेत. ती परीक्षेसाठी त्याला जरूर शिकवावीत. पण त्यानं जे म्हटलं ते नियमाला धरून आहे, हेही त्याला सांगावं.

सादृश्य नेहमी सरळपणाच आणतं असंही समजू नये. इंग्रजीत ‘डाइव्ह’चा भूतकाळ सरळ ‘डाइव्ह्ड’ होता. अमेरिकेत ‘ड्राइव्ह-ड्रोव्ह’च्या नादानं तो ‘डोव्ह’ झाला. साचा वजनदार असला की तो वाकडा असूनही इतरांना ओढतो.

कधी कधी नुसतं रूप बदलत नाही, वाक्याची बांधणीच बदलते. ‘त्यानं भाकरी खाल्ली’, पण ‘तो चहा प्यायला’. खाणं-पिणं आपण एका दमात म्हणतो, तरी वाक्यं दोन तऱ्हांची. खाताना क्रियापद भाकरीप्रमाणे फिरतं, पिताना पिणाऱ्याप्रमाणे. आता ऐका कुठंही : ‘त्यानं चहा पिला’, ‘मी दोन कप कॉफी पिली’. पिणं खाण्याच्या ओळीत आलं. कोल्हापूरकडं आणि सांगलीच्या दक्षिण भागात बायाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, तेही असंच. ‘आम्ही आलो’ हे स्त्री-पुरुषांना एकच असतं, मग ‘मी’लाही एकच का नको? तिथून जवळ असलेल्या कानडीतही ‘मी’च्या क्रियापदाला लिंग नसतं, तेव्हा दोन्हीकडून एकाच दिशेला रेटा बसतो.

आता राहिलं ‘करील’. वर्तमानातली ‘इ’ गेली, भूतकाळातली गेली, भविष्यातली उरली होती, ती आता जाते आहे. सगळ्या पुरुषांची रूपं शेजारी मांडून बघा. आम्ही करू, आम्ही बसू. तू करशील, तू बसशील. तुम्ही कराल, तुम्ही बसाल. ते करतील, ते बसतील. सहापैकी चार ठिकाणी दोन्ही पंथांत आता काडीचा फरक नाही. फरक उरला फक्त दोन ठिकाणी : मी करीन पण मी बसेन, तो करील पण तो बसेल. चार घरं सारखी असताना दोन घरांसाठी ‘क्रियापद सकर्मक की अकर्मक’ हा प्रश्न बोलणाऱ्यानं प्रत्येक वेळी का सोडवायचा? म्हणून करेन, करेल, मारेल, सांगेल. शाळेतले मास्तर अजून लाल शाईनं ‘करील’ करून देतात आणि वर्गाबाहेर पडताना स्वतः ‘उद्या करेन’ म्हणतात.

पण ‘जाएल’, ‘खाएल’ असं कुणी म्हणत नाही. जाईल, खाईल, येईल, देईल, होईल ही जागची हललेली नाहीत. त्यातलं जाणं अकर्मक, खाणं सकर्मक. म्हणजे नवा नियम सकर्मक-अकर्मकाचा राहिलेला नाही. धातूचा शेवट व्यंजनात असेल तर ‘ए’, स्वरात असेल तर ‘ई’. जुना नियम अर्थावर उभा होता, नवा कानावर उभा आहे, आणि तो कुणीही सांगितलेला नसताना सगळी पोरं तो पाळतायत.

या नव्या सीमेवर ‘ह’ची क्रियापदं अडकली आहेत. राहील, पाहील, लिहील. ‘ह’ म्हटलं तर व्यंजन, पण उच्चारात इतका हलका की स्वरासारखाच. म्हणून तिथं अजून ठरलेलं नाही. ‘मी सविस्तर लिहेन’ आता लिखाणातही सर्रास दिसतं. ‘पाहेन’ त्या मानानं कमी, ‘राहेन’ आमच्याकडं तर क्वचितच कानावर येतं.